जीप उचलण्याआधी गोळ्याखाली टेप लावा

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण वस्तीवर राहणाऱ्याला पावसाळ्यात गाडी म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

परवा सांगोल्याचा भाचा आला होता. त्याच्याकडं जुनी थार आहे, सीआरडीई, फोर बाय फोर. बसल्या बसल्या मोबाइल काढून फोटो दाखवला. "मामा, हे बघा. चार इंच लिफ्ट आन् ३१ चे टायर. रणगाडा दिसतीय का नाही?"

दिसतीय की, मी म्हटलं. मग त्याला त्याच्याच गाडीखाली झोपवला आणि हातात टेप दिला. मागच्या एक्सलच्या मधे तो जो गोल फुगलेला भाग असतो ना, डिफ्रन्शियलचा, आम्ही त्याला गोळाच म्हणतो, त्याच्या तळापासून जमिनीपर्यंत मोज म्हटलं. जेमतेम आठ इंच भरलं.

"आता सांग, चार इंच लिफ्ट केल्यावर हे किती होतील?"

"बारा."

आठच राहतात. हे त्याला पटेना. गडी डिप्लोमा झालेला आहे, पण पटेना. म्हणून हे लिहायला घेतलं, कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत असं विचारणारा हा चौथा माणूस.

बघा, गाडीची बॉडी आणि चॅसी पाट्यांवर बसलेली असते. पाटे एक्सलवर बसलेले असतात. एक्सल चाकात असतो आणि चाक जमिनीवर. तुम्ही लांब शॅकल घाला, पाट्याखाली ठोकळा घाला नाहीतर नवीन कमानदार पाटे घाला, वर जाते ती बॉडी. एक्सल आणि त्याचा गोळा आहे तिथंच राहतो. गोळा वर न्यायचा तर एकच उपाय, टायर उंच करायचा. आणि टायर जेवढा उंच होतो त्याच्या निम्माच गोळा उचलतो, कारण एक्सल टायरच्या मधोमध असतो.

भाच्याच्या थारला कंपनीचे टायर २३५/७० आर १६ आहेत. उंची भरते सुमारे ७३५ मिलिमीटर. ३१ इंची टायर म्हणजे ७८७. फरक ५२, त्याचा निम्मा २६. म्हणजे एवढा सगळा खर्च करून गोळा उचलला एक इंच, आणि तो पण टायरनं उचलला. लिफ्टनं काय केलं? तो मोठा टायर मडगार्डला घासू नये एवढी जागा करून दिली.

आता हे ज्ञान मला कुठून आलं ते सांगतो. पुस्तकातून नाही आलं.

माझी गाडी महिंद्राची एमएम ५४०. सहा वर्षांपूर्वी जुनीच घेतली. आधीच्या मालकानं मूळच्या ६.००-१६ च्या डिस्क काढून १५ च्या डिस्कवर २१५/७५ चे गुळगुळीत रोडचे टायर टाकलेले. चालवायला मऊ, दिसायला बरे. मला पण तेव्हा काही वाटलं नाही. आमची वस्ती डांबरीपासून दोन-अडीच किलोमीटर आत, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. पावसाळ्यात दोनदा-तीनदा गाडी रुतली तेव्हा एका मिस्त्रीनं सल्ला दिला की गाडी उचलून घ्या. पुढं-मागं लांब शॅकल घातले, मागं एकेक पाटा वाढवला, शॉकअप बदलले. अडीच इंच गाडी वर गेली. पैसे संपले म्हणून टायर पुढच्या वर्षावर ढकलले. गाडी मात्र काय दिसायची! पंढरपूरला पेट्रोल पंपावर लोक विचारायचे.

मग आला सप्टेंबर २०२५. सीनेच्या पुराचं तुम्ही सगळ्यांनी बघितलंच. आमच्याकडं नदी दारात आली नाही, पण पाऊस थांबेना. एका रात्री साडेअकराला आईला धाप लागली. बसू देईना, झोपू देईना. जीप काढली, आईला पुढं घेतलं, बायको मागं बसली. पाणंदीत चारशे मीटर गेलो असेन. आमच्या पाणंदीत उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या, गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत खोल. जीपची दोन्ही चाकं चाकोरीत उतरली आणि मधल्या वरंब्यावर मागचा गोळा जाऊन बसला. बसला तो बसलाच. चारी चाकं जागच्या जागी फिरत होती, टायरच्या सगळ्या खाचा काळ्या मातीनं भरून टायर पाटीसारखे गुळगुळीत झालेले. वर बॉडीखाली हात घातला तर दीड फूट मोकळी जागा. सगळी उचललेली उंची तिथं होती, माझ्या काही कामाची नव्हती.

शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर येऊन ओढून काढेपर्यंत दीड तास गेला. आई आज बरी आहे, देवाची कृपा. पण तो दीड तास मी विसरू शकत नाही, आणि म्हणून कुणी लिफ्टचे फोटो दाखवले की मी जरा वाकडंच बोलतो. भाच्यालाही बोललो.

नंतर सगळं मोजलं. मूळ ६.००-१६ चा टायर साधारण ७३० मिलिमीटर उंच. त्या जागी बसवलेला २१५/७५ आर १५ भरतो ७०३. म्हणजे मी अडीच इंच गाडी उचलली असं समजत होतो, आणि गोळा मात्र कंपनीनं दिला होता त्याच्यापेक्षा अर्धा इंच खालीच होता. हसू नका.

तेव्हा माझं मत सरळ आहे. आपल्या भागातल्या जुन्या जीपला, थारला, कुठल्याही फोर बाय फोरला पहिला पैसा टायरला, दुसरा हवेला, तिसरा बसलेले पाटे मूळ उंचीला आणायला. एवढं करून पैसा उरला आणि टायर घासत असेल तर मग लिफ्ट, ती पण इंच-दीड इंच.

टायर कुठला, तर आधी माती कुठली ते बघा. हे शहरातले लोक विचारत नाहीत, आपण विचारायला पाहिजे. एकाच जिल्ह्यात आपल्याकडं किती फरक आहे. भीमेकाठी आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात खोल काळी, चिकण माती जास्त असलेली. पाणी प्यायली की फुगते, चिकटते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. सांगोल्याकडं गेलात की मुरमाड, हलकी, दगडगोटे, पाऊस झाला तरी दोन तासात पाय न भरणारी जमीन, आणि ओढ्यात वाळू. मंगळवेढ्याच्या गाडीचा टायर सांगोल्यात उगाच झिजणार, आणि सांगोल्याचा टायर मंगळवेढ्यात रुतणार.

काळ्या मातीत टायरची खाच किती खोल यापेक्षा ती स्वतःला साफ किती करते हे महत्त्वाचं. ऑल टेरेन टायरच्या खाचा जवळजवळ असतात. मुरूम, खडी, डांबर, वाळू यावर तो उत्तम. पण आपली काळी माती त्यात एकदा भरली की निघत नाही. मड टेरेन टायरच्या गुट्ट्या मोठ्या आणि अंतर जास्त, चाक जरा जोरात फिरवलं की चिखल बाहेर फेकतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचं तत्त्व तेच. पण त्याचे तोटे पण ऐका. डांबरीवर आवाज करतो, झिजतो, डिझेल जास्त खातो आणि ओल्या डांबरीवर ब्रेक उशिरा लागतो. आठवड्यातून चार दिवस सोलापूर-पुणे हायवेला असणाऱ्यानं मड टायर घेऊ नये. फोटोसाठी तर अजिबात घेऊ नये.

रुंदीवर फार वाद होतात. रुंद टायर म्हणजे ताकद असा समज आहे. आपल्या पाणंदीत बऱ्याच ठिकाणी वर वीतभर चिखल आणि खाली जुना मुरूम दाबलेला असतो. तिथं अरुंद टायर चिखल कापून खालचं कठीण गाठतो, रुंद टायर वरच्या वर पोहत राहतो. माझगावात महिंद्रानं विलीज जीप जोडायला घेतल्या तेव्हापासून त्या जीपांना अरुंद १६ इंची टायर होते, ते काही पैसे वाचवायला नव्हते. उलट जिथं खाली तळच नाही, चार-चार फूट काळीच माती आहे, तिथं अरुंद टायर खोल जातो आणि रुंद, कमी हवेचा टायर जरा तरंगतो. पण अशा रानात ओलीवर जीप घालायचंच काय काम आहे? ते पुढं लिहितो.

मी शेवटी माझ्या जीपला परत ६.००-१६ च्या डिस्क शोधून आणल्या आणि लगचे नायलॉन टायर टाकले, ट्यूबवाले. डांबरीवर घुर्र आवाज करतात, बायको म्हणते ट्रॅक्टरमध्ये बसल्यासारखं वाटतं. पण आमच्याकडं वेडी बाभूळ आणि बोरीचे काटे इतके की नायलॉन टायरची जाड बाजू बरी पडते. रेडियलच्या बाजूला काटा गेला तर पंक्चरवाला पण हात वर करतो. भाच्याला मात्र मी हे घे म्हटलं नाही. त्याचं रान मुरमाड, रोजचा डांबरीचा प्रवास, माणच्या पात्रात वाळूतून जाणं. त्याला कंपनीच्या मापाचाच ऑल टेरेन, फार तर २४५/७५ आर १६. त्यानं गोळा १९ मिलिमीटर वर जातो आणि लिफ्टची गरज जवळपास लागत नाही. घेताना स्टेअरिंग पूर्ण फिरवून टायर कुठं घासतो का ते दुकानातच बघायचं.

अजून एक, टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. १८२४ असेल तर २०२४ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं. जुन्या गाडीला जुना माल स्वस्तात खपवतात, तेव्हा शिक्का बघूनच पैसे द्या. आणि टायर मोठा केला की मीटर कमी दाखवतं हे लक्षात ठेवा. थारला ३१ चा टायर घातला तर काटा ८० वर असताना गाडी ८५-८६ नं पळत असते. गिअर पण उंच होतात, म्हणजे चढाला आणि चिखलात जिथं ओढ पाहिजे तिथंच इंजिन दमतं.

आता हवा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण याला खर्चच नाही आणि कुणी करत नाही.

त्या रात्री माझ्या टायरात ३२ पौंड हवा होती. डांबरीला ठीक. चिखलात ३२ पौंडाचा टायर म्हणजे दगड. तीच हवा २० वर आणली की टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि गुट्ट्या वाकून चिखल सोडतात. वाळूत तर फरक जादूसारखा. ट्यूबवाल्या टायरला मी २० च्या खाली जात नाही, कारण टायर डिस्कवर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. ट्यूबलेस असेल तर १८ पर्यंत जाता येतं, पण हळू चालवायचं आणि झटक्यात वळायचं नाही. डांबरी लागली की हवा परत भरायचीच. कमी हवेवर हायवेला पळवली तर टायर तापून फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवा मोजायचं घड्याळ माझ्या सीटखाली कायम असतं. आणि मागं दोन फळ्या, दोर. उसाच्या दिवसांत तर पाचट कुठंही मिळतं, चाकापुढं दाबून भरलं की निम्म्या वेळा गाडी निघते.

पानावर सहायक कृषी अधिकारी आणि कृषीचे विद्यार्थी पण आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. टायर जमिनीच्या वरच्या थरावर जेवढा दाब देतो तो साधारण त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढा असतो. ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात शेतात १२ ते १४ पौंड असतात, म्हणजे किलोच्या आसपास. याचा अर्थ ट्रॅक्टरपेक्षा किती तरी हलकी असलेली जीप वरची माती ट्रॅक्टरच्या दुप्पट दाबते. खोलवर किती दबतं ते एक्सलवरच्या एकूण वजनावर जातं, तिथं ट्रॅक्टर-ट्रॉली वाईट. पण वरच्या वीतभर मातीचं, जिथं हरभऱ्याची मुळी उतरायची असते, तिथलं नुकसान आपली "हलकी" जीप करते. म्हणून म्हणतो, वाफसा नसताना जीप रानात घालूच नका, टायर कुठलाही असो. खताचं पोतं बांधापासून डोक्यावर न्या, नाहीतर ट्रॅक्टरनं न्या. काळ्या रानात ओलीवर पडलेली चाकोरी वाळली की विटेसारखी होते आणि पुढच्या हंगामात त्या ओळीत पीक पिवळं दिसतं. माझ्या रानात दिसलंय.

डाळिंबवाल्यांनी अजून एक बघावं. मड टायर किलोकिलोनं माती घेऊन फिरतो. मर रोगाची बुरशी मातीतूनही पसरते. मर आलेल्या बागेतून निघून तसंच दुसऱ्याच्या बागेत जाणारी गाडी मी स्वतः बघितलीय. बागेच्या तोंडाला टायर धुवा. नाहीतर गाडी बाहेर लावा, चालत जा.

लिफ्टला माझा अगदीच विरोध आहे असं नाही. बांध ओलांडताना पुढचा बंपर टेकतो, ओढ्यात उतरताना मागचा भाग घासतो, दगडावर गिअर बॉक्सचा तळ आपटतो, ही अडचण असेल तर लिफ्टनं खरंच फायदा होतो. पण आधी एक करा. जुनी गाडी असेल तर तिचे पाटे बसलेले असतात. वीस वर्षं कांद्याची पोती आणि दुधाची कॅन वाहिल्यावर कमान सरळ होणारच. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजूंनी मोजा. डाव्या-उजव्यात फरक निघाला तर पाटा बसलाय किंवा एखादं पान मोडलंय. आधी तेवढं दुरुस्त केलं की बऱ्याच गाड्या आपोआप इंच-दीड इंच वर येतात. ही लिफ्ट नव्हे, गाडीचं होतं ते परत मिळालं. जुन्याच पाट्याला नुसती हातोड्यानं कमान मारून घेतली तर तो काही महिन्यांत परत बसतो. पोलाद तापवून नीट पाणी देणारा कारागीर असेल तर ठीक, नाहीतर नवीन पाटे घ्या आणि बुश, यू बोल्ट त्याच वेळी बदला.

पाटा वाढवून लिफ्ट करणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवं. पाटा कडक झाला की खड्ड्यात चाक खाली उतरत नाही, हवेत लटकतं. आणि ज्या गाडीत लॉक नाही तिथं डिफ्रन्शियल सगळी ताकद त्या लटकलेल्या चाकालाच देतं. लांब शॅकलचं तर मी भोगलंय. पुढचा एक्सल थोडा फिरतो, कास्टर बिघडतं, मग ६० च्या पुढं स्टेअरिंग हातात राहत नाही, गाडी डावीउजवीकडं हुंदडते. मागच्या शाफ्टचा कोन वाढतो, थरथर सुरू होते, क्रॉस जातात. माझे वर्षात दोन गेले. ब्रेकचे रबरी पाइप लांबीला पुरतात का हे तर कुणी बघतच नाही. एक्सल पूर्ण खाली लटकल्यावर ते ताणले जात असतील तर आधी ते बदला, मग बाकीचं.

भाच्याच्या थारला पुढं पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत. बोल्ट आवळला की पुढून गाडी वर येते, फुकटात. पण मग चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि ॲक्सल शाफ्टचे रबरी बूट फाटतात. अर्धा-एक इंच ठीक. चार इंच नाही.

आणि गाडी उंच झाली की कलंडते. आपण मागं दहा माणसं बसवून कॅनॉलच्या कडेनं जाणारे लोक. हे एक वाक्य पुरे.

कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच अधोरेखित केलंय. दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला नोंदणी वाढवायला तपासणीला न्यावंच लागतं, सोलापूर असो की अकलूज. तिथं चार इंच उचललेली गाडी लांबून दिसते. अपघात झाला तर विमावाला पण तेच कारण पुढं करणार.

आमच्या पाणंदीचं म्हणाल तर मातोश्री योजनेत ती व्हावी म्हणून आम्ही चार वस्त्या मिळून अर्ज दिलेला आहे. झाली तर या सगळ्या लेखाची निम्मी गरज संपेल. होईपर्यंत टायर.

मध्यंतरी वळवाचा एक दणका झाला तेव्हा मुद्दाम त्याच चाकोरीतून जीप नेली. शॅकल मूळचे, टायर ६.००-१६, हवा २०, फोर बाय फोर लो मध्ये दुसरा गिअर. गोळा वरंब्याला घासला, आवाज आला, पण गाडी थांबली नाही. आईला म्हटलं, बस, एक चक्कर मारू. म्हणाली, नको, मला इथंच बरं आहे.

भाचा टेप घेऊन गेलाय, त्याच्या गाडीची चारी बाजूंची मापं पाठवतो म्हणालाय. माझे पाटे पुढच्या आठवड्यात उतरवायचे आहेत. कुठला पाटा किती बसलाय ते मोजून इथं टाकतो. तुमच्यापैकी कुणाच्या एमएम ५४० ला अजून कंपनीचेच पाटे आणि १६ च्या डिस्क असतील तर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप कळवा. मूळ उंची नेमकी किती, ते मला ताडून बघायचंय.